प्रवासात सगळं चालतं?



नाताळच्या सुट्टीत आम्ही नऊ जण कोलकात्याला जाऊन आलो. परतल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "एवढ्या गर्दीच्या शहरात नियम पाळायला जमलं का हो?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आत स्वतःच सांगून टाकतो, "जाऊ दे, प्रवासात सगळं चालतं!"

मला हे वाक्य अजिबात पटत नाही. नियम गर्दीमुळं मोडत नाही. तो मोडतो आपल्या आळसामुळं आणि सहलवाल्याच्या वेळापत्रकामुळं.

देशभर घड्याळ एकच, पण कोलकाता आपल्या सांगलीच्या किती पूर्वेला! डिसेंबरअखेर आपल्याकडं दिवस सहानंतर मावळतो, तिथं पाचच्या सुमारालाच. कुणालाही बघता येईल अशी ही गोष्ट. तरी आमच्या कागदावर रोज रात्रीचं जेवण 9 वाजता! बुकिंग करतानाच मी म्हटलं होतं, आम्हा तिघींना चारला डबा द्या. "बघू काकू, ॲडजस्ट करू." ॲडजस्ट कुणी केलं ते सांगायला नको. मी कॉमर्सची पदवीधर आहे. पाच रात्रींच्या जेवणाचे पैसे भरून एक घासही खाल्ला नाही, हे मला अजून खुपतं.

पण खरं दुःख वेगळंच. पहिल्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेतच अंधारलं. साडेपाचला कुणीतरी खजुराच्या नव्या गुळाच्या संदेशचा डबा उघडला. माझी दहा वर्षांची नात भुकेली होती. चातुर्मासात तिनं आपणहून रात्रीभोजनत्यागाचा नियम घेतला होता आणि दिवाळीनंतरही सोडला नव्हता. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, सांगलीत अजून उजेड असेल ना?" मी काही बोलणार तोच जाऊबाई म्हणाल्या, "खा गं, प्रवासात चालतं." तिनं खाल्ला. पोरीला मी एका शब्दानं बोलले नाही. तिला चारला जेवू घालणं आम्हा मोठ्यांचं काम होतं, ते आम्ही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी सहल सोडून टॅक्सीनं बडाबाजारात गेलो. पाय ठेवायला जागा नाही, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल ओरडत अंगावर येतात. अशा गल्लीत एका मारवाडी बास्यात (तिकडं खानावळीला बासा म्हणतात) सव्वाचारला गरम फुलके, डाळ, दुधीची भाजी! कांदा-लसूण-बटाटा नको म्हटल्यावर वाढप्यानं नुसती मान हलवली. पिढ्यान्‌पिढ्या मारवाडी, गुजराती जैन व्यापारी तिथं राहतात; त्याला आमचं नवल कशाला वाटेल? बेलगाछियाला आपलं दिगंबर मंदिर आहे. माणिकतळ्याकडचं बद्रीदासांचं श्वेतांबर मंदिर तर 1867 चं. काचेच्या नक्षीनं डोळे दिपतात. मटारच्या कचोऱ्या मात्र मी सोडल्या, सारणात आलं असतं.

म्हणजे मोठ्या शहरात नियम पाळणं उलट सोपं. अडचण होते ती तुमच्या त्या 'शांत' रिसॉर्टवर, जिथं एकच स्वयंपाकघर आणि तेही आठला उघडणार. आजारी माणसाचं, औषधाचं मी बोलत नाही. धडधाकट माणसांचं बोलते आहे.

जाऊबाई पुढच्या डिसेंबरला थंड हवेच्या ठिकाणी जाऊ म्हणतात. मी सहलवाल्याला आत्ताच विचारून ठेवलंय, स्वयंपाकघर चारला सुरू असतं का? अजून उत्तर आलेलं नाही.