भरल्या धरणाचा हिशेब

आज १५ ऑक्टोबर. पाऊस कमी झालेल्या वर्षी या तारखेकडे नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांचे डोळे लागलेले असतात. जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा या दिवशी ६५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे ५० टीएमसीच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीने घालून दिलेले सूत्र. २०२५च्या या पावसाळ्यात मात्र नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तुडुंब भरला; पैठणला धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली. त्यामुळे आज मोर्चा नाही, रास्ता रोको नाही. डोकी थंड आहेत तोवरच हा विषय काढलेला बरा.

२०२३ साल आठवा. ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. मग निवेदने, आंदोलने, कोर्टकचेऱ्या. पाणी प्रत्यक्ष निघायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर नदीचे पात्र सुकते. सोडलेले पाणी आधी वाळूउपशाचे खड्डे भरते, मग पुढे सरकते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारी चालू नयेत म्हणून वीज बंद ठेवायची, वर पोलीस बंदोबस्त. काठचा शेतकरी रब्बीच्या तोंडावर बांधावर उभा राहून वाहते पाणी बघतो. मोटार टाकली तर गुन्हा. पात्र ओले असतानाच पाणी सोडले तर ते वाटेत कमी मुरते, एवढी साधी गोष्ट आहे. पण दर वेळी आदेश जणू नव्याने शोधून काढायचा असतो.

वरच्या, नाशिक-अहिल्यानगरच्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे. तिथले दारणा धरण १९१६चे, भंडारदरा १९२६चे. जायकवाडीचे लोकार्पण १९७६चे. ‘आमच्या आजोबांचे पाट आणि आमच्यावरच पहारा’ असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण जायकवाडी झाल्यानंतरही वर धरणे होतच राहिली, हे ते सोयीस्करपणे विसरतात. समन्यायी वाटपाचे तत्त्व राज्याच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात आले, २०१६ साली उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. तेव्हा खाली येणारे पाणी ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पाणी सोडायचे की नाही हे कोणत्या भागाचा मंत्री वजनदार आहे यावर ठरत असेल, तर ६५ टक्क्यांचे सूत्र हवेच कशाला?

आता मराठवाड्याकडे. हक्काचे पाणी मागणाऱ्याने आलेल्या पाण्याचे काय केले तेही सांगावे लागते. गोदावरीच्या वरच्या अंगाला ऊस आहे तसा जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही आहे, आणि दुष्काळात दोन्हीकडचे कारखानदार एकमेकांच्या उसाकडेच बोट दाखवतात. संभाजीनगर शहर धरणापासून जेमतेम ५० किलोमीटरवर. तरी धरण भरलेले असताना नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याची विचारणा तिथल्या गृहिणीला शेजारणीकडे करावी लागत आली आहे. अपुऱ्या, जुन्या जलवाहिन्यांचे हे खापर नाशिकच्या माथी कसे फोडणार?

वरच्या पाटांवर आणि खालच्या कालव्यांवर, मुखाशी किती पाणी घेतले आणि टेलला किती पोचले, याचे आकडे दर आवर्तनानंतर तालुक्याच्या ठिकाणी लावा. उपसा योजनांचेही लावा. त्यासाठी नवी समिती नको, पाटबंधारे खात्याची इच्छा पुरे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर जातो. यंदाच्या रब्बीत त्याच्या शेवटाला, परभणी जिल्ह्यात, पाणी पोचले नाही, तर ते वाटेत कुठे गेले हे मराठवाड्यातल्याच अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना विचारावे लागेल.