तुटलं, पण नुकसान कोणाचं?

‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शालेय मुलांच्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत एक कलम आहे. सामना चालू असताना मैदानावरची एखादी वस्तू मोडली तर काय करायचं, हे त्यात सांगितलंय. नेहमीच्या खेळात, अपेक्षित धक्क्यांनी वस्तू मोडली तर तो मैदानाचा दोष. एखाद्या रोबोनं आडदांडपणे वस्तू मोडली आणि त्याचा फटका समोरच्या युतीला, म्हणजे तीन संघांच्या गटाला, बसला, तर तोही मैदानाचाच दोष. त्या दोषामुळे निकाल फिरला असं मुख्य पंचांना वाटलं आणि फटका बसलेल्या युतीतल्या संघानं मागणी केली, की सामना पुन्हा खेळवायचा. मात्र आपल्याच आडदांडपणामुळे वस्तू मोडून आपल्याच युतीचं नुकसान झालं, तर मैदानाचा दोष धरायचा नाही. निकाल आहे तसाच राहतो.

या कलमाचा मला फार आदर वाटतो. ‘मुद्दाम केलं का?’ हा प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय होतं, हे शोधण्याच्या फंदात पंच पडत नाहीत. फटका कोणाला बसला, एवढंच ते बघतात. चूक नसताना ज्याचं नुकसान झालं, त्याला पुन्हा संधी मिळते आणि मोडतोडीचा फायदा कोणालाच मिळत नाही. आपल्या शाळांमध्ये काही फुटलं की ‘कोणी फोडलं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा तोच शेवटचाही असतो.

मोडतोड ही अशा स्पर्धेत अपवादानं घडणारी गोष्ट नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, मँचेस्टर शहरात, एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांना घेऊन ही स्पर्धा सुरू झाली. आज तिचं मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद असतं. खाली गालिचा, कडेला पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंती, मध्ये त्या वर्षीच्या खेळासाठी उभारलेले मनोरे, उतार, जाळ्या. तीन-तीन संघांच्या दोन युती, म्हणजे एकाच वेळी सहा रोबो. बंपर आणि बॅटरी धरून एकेकाचं वजन साठ किलोच्या वर जातं. जेमतेम अडीच मिनिटांच्या सामन्यात हे सहा जण त्याच मनोऱ्यावर चढतात, त्याच कोपऱ्यात एकमेकांना रेटतात. असे सामने दिवसभर चालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोखंड वाकतं, गालिचा उसवतो, जाळी फाटते.

सामना संपल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. मैदानावरचे दिवे आधी जांभळे होतात. त्याचा अर्थ, मैदान लावणाऱ्या स्वयंसेवकांनी आत यावं. दिवे हिरवे झाले की मग संघांनी आपापला रोबो उचलायला यायचं. या मधल्या वेळात स्वयंसेवक वाकून, गुडघे टेकून काम करतात. निघालेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवतात, हललेला खांब हातानं हलवून बघतात, चिरलेला तुकडा काढून दुसरा लावतात. कोणी ओरडत नाही, नावं विचारत नाही. पुढचे सहा रोबो दाराशी उभेच असतात.

खरं नुकसान होण्याची शक्यता असते ती या पुढच्या सामन्यात, आणि आपल्या लक्षात हे क्वचितच येतं. जो खांब वाकला तो वाकवणाऱ्या संघाचा सामना तर संपला. पण त्या खांबाच्या उंचीवरून ज्या संघानं रोबोच्या हाताचा कोन ठरवला, तासन् तास सराव करून तो कोन प्रोग्रॅममध्ये घातला, तो संघ आता येणार. खांब बोटभर जरी तिरपा असला, तरी सुरुवातीच्या स्वयंचलित टप्प्यात त्यांचा रोबो बरोबर तेवढ्याच अंतरानं चुकणार. आणि आपण का हरलो हे त्यांना कधी कळणारही नाही.

म्हणून या विषयात माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे जिच्या रोबोनं काहीतरी मोडलं आणि जिनं ते स्वतःहून येऊन सांगितलं, ती मुलगी. बारीक चीर प्रेक्षकांना दिसत नाही, पंचांना दिसेलच असं नाही. कुठे आपटलं हे रोबो चालवणाऱ्याला मात्र ठाऊक असतं. तिनं सांगितलं तर दोन मिनिटांत तुकडा बदलता येतो. ती गप्प बसली तर पुढच्या संघाचा बळी जातो. आणि ती सांगेल की गप्प बसेल, हे तिच्या स्वभावापेक्षा आपण लावलेल्या नियमांवर जास्त ठरतं. सांगितल्यावर दंड होणार असेल, तर कोणतंही शहाणं मूल गप्पच बसेल.

हे मी हवेत बोलत नाही. पुणे परिसरातल्या एका आंतरशालेय स्पर्धेत गेल्या हिवाळ्यात मी प्रेक्षक म्हणून बसले होते. मैदान नेहमीचं, बारा फूट बाय बारा फूट, कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत दात अडकवलेल्या फोमच्या करड्या चौकोनांचं. एका शाळेचा रोबो कोपऱ्यात अडकला आणि चाक जागच्या जागी फिरत राहिलं. फोमचा भुगा उडाला, चौकोनाचे तीन-चार दात तुटून बाहेर आले. सामना संपल्यावर आयोजकांनी मुलांना तिथेच, सगळ्यांसमोर उभं करून विचारणा केली आणि संघाच्या अनामत रकमेतून टाइलचे पैसे कापल्याचं जाहीर केलं. चालवणारा मुलगा सातवी-आठवीतला असेल. तो मान खाली घालून उभा होता. ती टाइल मात्र दिवसभर कोणी बदलली नाही. दात तुटलेल्या जागी उंचवटा झाला होता आणि त्यावरून जाताना पुढचे कितीतरी रोबो उचकले. दुपारनंतर आणखी दोन टाइलांचे दात गेले. त्याबद्दल एकाही संघानं तोंड उघडलं नाही.

पैसे वसूल झाले आणि मैदान तसंच राहिलं, हे मला अजून खटकतं. दंड घेतल्यावर आयोजकांना आपलं काम झाल्यासारखं वाटलं, आणि त्यांचं खरं काम तिथूनच सुरू होत होतं.

शिक्षा नसेल तर मुलं बेफिकीर होतील, असं मला अनेक शिक्षक सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण मोकळीक आणि ढिलाई यांत फरक आहे, आणि ‘फर्स्ट’च्या नियमांत तो नीट सांभाळलेला दिसतो. रोबो मैदानात उतरण्याआधीच त्याची तपासणी होते. गालिच्याला इजा करतील अशी धातूची, खिळ्यांची, सँडपेपरची किंवा हुक असलेल्या पट्टीची चाकं चालत नाहीत. बाहेर आलेली धारदार कड चालत नाही. सामन्यात मोडतोड झाली आणि ती आणखी वाढेल असं दिसलं, तर मुख्य पंच रोबो तिथल्या तिथे बंद करू शकतात. पुढचा सामना खेळण्याआधी ती कड घासून, तो भाग काढून, पुन्हा तपासणी करून या, असंही सांगू शकतात. म्हणजे जबाबदारी आहेच. फक्त ती खिशावर किंवा अब्रूवर न टाकता रोबोवर टाकलेली आहे. मूल पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, परत जातं, कानस हातात घेतं आणि आपल्या यंत्रातला दोष काढतं. इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या मुलाला याहून चांगली ‘शिक्षा’ मला तरी सुचत नाही.

झीज आणि नासधूस यांच्यातली रेघही तिथे शब्दांत मांडलेली आहे. गुण मिळवण्याच्या वस्तूंवर ओरखडे उठणार, डाग पडणार, हे गृहीत धरलंय. लचका तोडणं, तुकडे पाडणं मात्र नियमभंग. २०२४ च्या ‘क्रेसेंडो’ या खेळात फोमची केशरी कडी उचलून फेकायची होती. रबरी चाकांच्या कचाट्यातून पुन्हा पुन्हा गेल्यावर कड्या चिरत, मऊ पडत. नवी कोरी कडी आणि अनेक सामने खाल्लेली कडी एकाच झेपेनं उडत नाही, हे नेमबाजी जमलेल्या संघांना लवकरच कळलं. त्यावर उपाय एकच, वापरलेल्या कड्या वेळेवर बाजूला काढायच्या. कोणाच्या चाकानं चिरली याचा पंचनामा करत बसण्यात काही हाशील नाही.

लहान मुलांच्या ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये हेच तत्त्व आणखी सोप्या रूपात दिसतं. टेबलावर अंथरलेल्या मॅटवर लेगोचे नमुने ‘ड्युअल लॉक’नं चिकटवलेले असतात. रोबोनं तो जोड उखडला किंवा नमुना मोडला, आणि त्यामुळे एखादं काम उघडउघड सोपं झालं, तर त्या कामाचे गुण मिळत नाहीत. बस, इतकंच. आणि नेमकं काय झालं याबद्दल शंका उरली, तर शंकेचा फायदा संघाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. मोडून मिळवलेलं आपलं नाही, पण मोडलं म्हणून आपण वाईटही नाही.

मैदान बांधणाऱ्यांची जबाबदारी हा मला या विषयातला सर्वात मोठा भाग वाटतो. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’च्या २०२२-२३ च्या ‘पॉवरप्ले’ या खेळात मैदानभर खांब होते आणि त्यांवर शंकू चढवायचे होते. इतक्या दाटीत रोबो खांबांवर आपटणार हे उघड होतं. म्हणून खांब स्प्रिंगवर बसवले. धक्का लागला की खांब झुकायचा, डोलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. खांब ताठ आणि कडक करून ‘आपटाल तर याद राखा’ असं लिहिता आलं असतं. त्याऐवजी बांधणाऱ्यांनी धक्का गृहीत धरला आणि मुलांच्या चुकांना खांबातच जागा करून ठेवली.

आपल्या मातीतही याची आठवण आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आशिया-पॅसिफिक भागातल्या महाविद्यालयीन संघांची ‘एबीयू रोबोकॉन’ झाली. विषय पालकत्वाचा. ‘पालक’ रोबोनं ‘बाळ’ रोबोला सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा, खांबांवरून चालवायचं, जंगल जिमवर चढवायचं. बागेतल्या खेळण्यांवर यंत्रं खेळवायची, तीही घाईत. अशा मैदानाची कल्पना करतानाच मजबुतीचा हिशेब करावा लागतो. रोबोकॉनच्या नियमांत मैदानाची किंवा समोरच्याच्या यंत्राची नासधूस करणारा, करू पाहणारा संघ बाद होतो. वीस-बावीस वर्षांच्या, कार्यशाळा हाताशी असलेल्या भावी इंजिनिअरांना ते लागू करणं मी समजू शकते. पण हेच वाक्य जसंच्या तसं उचलून सहावीच्या मुलांच्या स्पर्धेच्या पत्रकात घातलेलं मी पाहिलंय, आणि तिथे ते अन्यायाचं होतं.

याचं मूळ मला शाळेच्या कपाटात सापडतं. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. देशात अशा सुमारे १०,००० प्रयोगशाळा झाल्या आणि त्यात महाराष्ट्रातल्याही अनेक शाळा आहेत. साहित्य आलं की डेडस्टॉक नोंदवहीत चढतं. एकदा चढलेली वस्तू मोडली तर तिचं निर्लेखन करायला अर्ज, समिती, सह्या, वरिष्ठांची मंजुरी. मोटर जळली, सेन्सर तुटला, तर जाब विज्ञानाच्या बाईंना द्यावा लागतो. मग बाई काय करणार? किट कपाटात ठेवून कुलूप लावणार आणि पाहुणे आले की काढून दाखवणार. मी त्यांना दोष देणार नाही. ज्या माणसाला मोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी उत्तर द्यावं लागतं, त्यानं वस्तू वापरात न आणणं हा सरळ हिशेब आहे. तीच भीती पुढे स्पर्धेच्या मैदानात अनामत रकमेच्या रूपानं येते.

‘फर्स्ट’सारखा पुन्हा सामना खेळवण्याला किंमत आहे, हे मी नाकारत नाही. सहाही संघांना पुन्हा बॅटऱ्या चढवाव्या लागतात, वेळापत्रक कोलमडतं, आणि जी युती चांगली खेळून जिंकली होती तिच्या हातचा विजय काही चूक नसताना जातो. हे शेवटचं मला फार जड वाटतं. तरीही मोडक्या मैदानावर लागलेला निकाल कायम ठेवण्यापेक्षा ते बरं.

अशा वेळी वाद कोणी घालायचा, हेही ‘फर्स्ट’मध्ये ठरलेलं आहे. मुख्य पंचांना विचारायचं असेल तर ठरवून दिलेल्या चौकोनात संघातल्या एका विद्यार्थ्यानं उभं राहायचं. मार्गदर्शक नाही, आई-बाबा नाहीत. आपल्याकडे मैदानाच्या कडेला पालकांचा जो घोळका पंचांच्या अंगावर जातो तो आठवला, की वाटतं, एवढा एक चौकोन जरी जमिनीवर आखला तरी निम्मं भांडण कमी होईल. आणि मुलगी स्वतः म्हणेल, ‘सर, आमच्या रोबोचा हात जाळीत अडकला, जाळी फाटलीय, बघून घ्या.’

आपल्या शालेय स्पर्धांचा हंगाम आता तोंडावर आहे आणि माहितीपत्रकं छपाईला जायची आहेत. आयोजकांना माझी विनंती आहे, अनामत रकमेची ओळ त्यातून काढा. प्रवेश शुल्कातलाच थोडा भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. सुटे चौकोन, खांब, जाळ्या आणि चिकटपट्टी मैदानाच्या कडेला एका टेबलावर मांडा. प्रत्येक सामन्यानंतर मैदान तपासायला दोन माणसं नेमा आणि त्यासाठी वेळापत्रकात चार मिनिटं धरा. आणि शिक्षण विभागानं शाळेच्या प्रयोगशाळेतल्या किरकोळ मोडतोडीला दरवर्षी मुख्याध्यापकांच्या एका सहीवर निर्लेखनाची मुभा द्यावी. तेवढी सही झाली तर बाई कपाटाची किल्ली मुलांच्या हाती देतील.