दार नसलेलं घर आणि खिशातली चिठ्ठी



आपल्या जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर प्रत्येक मुलाला माहीत असतं. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेनेही तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. संगणकाच्या तासाला मी याच गावापासून सुरुवात करतो. 'रॅमचं पूर्ण रूप सांगा' एवढ्यावर संगणक कळत नाही.

एक प्रोग्रॅम म्हणजे एक घर. त्यात एकाच वेळी कामं करणारे अनेक थ्रेड राहतात. दोन घरांमध्ये कर्नल पक्की भिंत घालतो. पण एकाच घरातल्या थ्रेडना सगळी मेमरी मोकळी! एकाची चूक झाली, की तिथला पासवर्डही उघडा पडू शकतो.

यावर इंटेलच्या काही प्रोसेसरमध्ये 'मेमरी प्रोटेक्शन की' ही सोय आहे. लिनक्समध्ये ती २०१६ पासून वापरता येते. मुलांना शाळेचं उदाहरण द्या. कपाटांना रंग द्यायचे, जास्तीत जास्त १६. कुठल्या कपाटाला कोणता रंग, ते मुख्याध्यापक लावतात, म्हणजे कर्नल. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मात्र स्वतःची चिठ्ठी: कोणता रंग उघडायचाच नाही, कोणत्यात फक्त बघायचं, बदल करायचा नाही. प्रत्येक रंगाला २ बिट. मग चिठ्ठी किती बिटांची? मुलं लगेच सांगतात, ३२!

थ्रेडची पाळी बदलली, की कर्नल पहिल्याची चिठ्ठी जपून ठेवतो आणि दुसऱ्याला त्याची स्वतःची देतो. इथे गल्लत झाली, तर एकाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जाईल.

आता खरी गंमत. ही चिठ्ठी थ्रेड स्वतःच बदलू शकतो, कर्नलला न विचारता. त्यामुळे काम झटपट होतं. पण म्हणूनच ही सोय मुख्यतः चुकीपासून वाचवते. ठरवून केलेल्या लबाडीला ती एकटी पुरत नाही. गरजेपुरतं उघडायचं, काम झालं की लगेच बंद करायचं, ही शिस्त ज्याची त्यानेच पाळायची.

माझं मत स्पष्ट आहे. आपण मुलांना एकतर सगळा मोबाईल देतो, नाहीतर काढून घेतो. हा मधला मार्ग शिकवतच नाही. आणि शिकवणार तरी कसं? शाळेच्या संगणकात मुलांचे गुण आहेत, पालकांचे फोन नंबर आहेत. त्याचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, उद्या मोजून बघा.

आधी आपली चिठ्ठी तपासू या, मग मुलांची.