पहिली गिटार घेताना

कापसाची पहिली वेचणी झाली, मजुरीचे पैसे हातात आले आणि कौंडण्यपूरच्या आमच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला, "दादा, पोरीले गिटार पाह्यजे. तू संगं चाल." भाची सातवीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने गिटार पाहिली आणि तेव्हापासून तोच एक ध्यास. बहीण आणि तिचा नवरा दोघेही दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. डब्यात साठवलेले ३ हजार रुपये त्यांनी विश्वासाने आमच्या हाती दिले.

आम्ही अमरावतीच्या एका दुकानातून गिटार आणली. काळी, चकचकीत, आणि दुकानात होत्या त्यांत सर्वांत स्वस्त. आम्ही रंग पाहिला, भाव पाहिला, पण तारेला बोटही लावून पाहिले नाही.

दोन महिन्यांत गिटार खुंटीला लागली. भाची म्हणाली, "मामा, मले नाही येत ते. बोटं लय दुखतेत." आम्ही तिला चार शब्द सुनावले. चिकाटी नाही, आईबापाच्या घामाची किंमत नाही, असे बरेच बोललो. पोरीने मान खाली घातली.

पुढे १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला भीमगीतांचा संच गावात आला. त्यातला गिटार वाजवणारा कलावंत बहिणीकडे जेवायला होता. खुंटीवरची गिटार त्याने उतरवली, दोन सूर छेडले आणि भाचीच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. मानेच्या बाराव्या पट्टीवर तार किती उंच आहे ते मोजले. ६ मिलिमीटर! तो म्हणाला, "भाऊ, ही तार दाबताना माझेही बोट दुखते. पोरगी नापास नाही, तुमची गिटार नापास आहे."

आम्हाला लाज वाटली. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणी करू नये म्हणून त्या दिवशी आणि पुढे चौकशी करून जे समजले ते येथे देत आहोत.

गिटार दोन जातीच्या असतात, हे आधी लक्षात घ्यावे. एकीला स्टीलच्या तारा असतात, दुसरीला नायलॉनच्या. नायलॉनवालीला क्लासिकल गिटार म्हणतात. पूर्वी तिला मेंढीच्या आतड्याची तात लावत. दुसऱ्या महायुद्धात तात मिळेनाशी झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनची तार तयार केली आणि सेगोव्हिया या थोर स्पॅनिश वादकाने ती उचलून धरली. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास, तर नायलॉनचा ४० किलोच्या आसपास. म्हणून कोवळ्या बोटांना नायलॉन सोसवते. तिची मानही रुंद, सुमारे ५२ मिलिमीटर, त्यामुळे बोट शेजारच्या तारेला लागत नाही. मात्र नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. मान वाकते, नाहीतर ब्रिज उखडतो.

आता दुकानात काय पाहायचे? सोबत शाळेची पट्टी न्या. बाराव्या पट्टीवर तारेची उंची ३ ते ४ मिलिमीटर असावी. नायलॉनला एवढी चालते, स्टीलला अडीच-तीनच्या वर नको. मग एक तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर एकाच वेळी दाबा. मध्ये बारीकशी फट दिसली तर ठीक, मोठी दिसली तर मान वाकलेली आहे. प्रत्येक पट्टीवर तार वाजवा, खरखर येता कामा नये. मोकळी तार वाजवा आणि तीच बाराव्या पट्टीवर दाबून वाजवा. सा आणि वरचा सा जुळला पाहिजे. तो जुळत नसेल तर ती गिटार कितीही सुरात लावा, बेसूरच वाजेल. आणि मूल सोबत हवेच. आठ ते दहा वर्षांच्या मुलाला पाऊणपट मापाची गिटार पुरते, बारा वर्षांपुढे पूर्ण मापाची.

चकाकीवर पैसा घालू नका. अंतोनियो दे तोरेस हा स्पेनचा गिटार बनवणारा कारागीर. त्याने १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाज मुख्यत्वे पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. दुकानदार पुढच्या अखंड लाकडाच्या फळीचे जास्त पैसे सांगेल. पहिल्या गिटारीला प्लायची फळीही चालते. उलट आपल्या वऱ्हाडच्या ४५ अंशांच्या उन्हात ती कमी तडकते. आज साधी नायलॉनची गिटार चार-सहा हजारांत मिळते. यामाहाची सी-४० दहा हजारांच्या आसपास जाते. जुनी घेतली तर ब्रिजखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ती सोडून द्या.

घरी आणल्यावर टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगू नका. पिशवीत घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात ओला, पिळलेला स्पंज घाला आणि ती डबी पिशवीत ठेवा. नव्या नायलॉनच्या तारा पहिला आठवडाभर ताणतात, रोज सुरात लावाव्या लागतात. तो दोष नव्हे. मोबाईलवर सूर जुळवायचे साधन फुकट मिळते. तार अति ताणली तर नीट वाजत नाही, ढिली सोडली तरी नाही. भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेवरून हेच समजावले होते. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्याला ते लगेच पटले.

कर्ज काढून वाद्य घेऊ नये, असे आमचे मत आहे. तीन-चार घरांनी मिळून एक चांगली गिटार घेऊन विहारात ठेवली तर मुले पाळीपाळीने शिकतील. "हे आपले वाद्य नव्हे" असे कोणी म्हटले तर त्यांना सांगा, बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले.

आमच्या भाचीचे काय झाले? त्या कलावंताने ब्रिजवरची पांढरी पट्टी घासून तारा खाली आणल्या, हलक्या तारा चढवल्या. बोटे दुखायची बरीच कमी झाली. पुढच्या वेचणीनंतर ती गिटार विकून, थोडी भर घालून, पट्टी हातात घेऊन आम्ही नायलॉनची आणली. या वेळी निवड भाचीने केली. आम्ही तिला एवढेच म्हटले, "बाई, त्या वेळी चूक आमची होती, आणि बोलणी तुला खावी लागली." ती हसली आणि तारा जुळवायला बसली.

मूल मागे पडले की आपण लगेच मुलाला बोल लावतो. तसे करण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले आहे, ते एकदा मोजून पाहावे.