वाचन झाले, अर्थ निसटला

शूर्पणखेचे नाक रामाने कोणत्या ठिकाणी कापले, असा प्रश्न एखाद्या वर्गात विचारला, तर 'नाशिक' हे उत्तर चटकन येण्याचा संभव आहे. शहराचे नाव नासिकेशी जोडणारी आख्यायिका पंचवटीच्या परिसरात सर्वांच्या परिचयाची आहे. नाक लक्ष्मणाने कापले, हेही उत्तर देणाऱ्याला ठाऊक असते. प्रश्नातील 'रामाने' हा शब्द त्याने वाचलेला असतो. तरीही चूक त्याच्या नजरेतून सुटते.

हा दोष केवळ आळशी विद्यार्थ्यांचा नव्हे. एरिक्सन आणि मॅटसन या अमेरिकन संशोधकांनी 1981 साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले, या प्रश्नाला अनेकांनी 'दोन' असे उत्तर दिले. तारू नोहाचे होते, हे त्यांना माहीत होते. दोन्ही नावे बायबलमधील, दोन्ही पुरुष पूज्य. तेवढ्या साधर्म्यावर मन समाधान पावले. तेथे सर्वस्वी परके नाव असते, तर ते तत्काळ खटकले असते.

शब्दाचा अर्थ न बोलावताही मनात येतो, हे स्ट्रूप यांच्या 1935 सालच्या प्रयोगांनी दाखविले होते. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापून शाईचा रंग विचारला, की वाचणारा अडखळतो; नको असलेला अर्थ आड येतो. मात्र असा आपोआप आलेला अर्थ ढोबळ असतो. तो त्या वाक्यात नेमका बसतो की नाही, याची पारख लक्ष दिल्यावाचून होत नाही.

मराठीत तर या पारखीची गरज अधिकच आहे. येथे नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. 'पूर्वी अर्ज केलेल्यांनी पुन्हा अर्ज करण्याची आवश्यकता नाही', या सूचनेतील शेवटच्या शब्दापर्यंत लक्ष टिकले नाही, तर माणूस विनाकारण रांगेत उभा राहतो. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, 27 फेब्रुवारीस, साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकावर 'दिन'चा 'दीन' झाला, तरी किती जण थबकतील?

कचेरीत कागदांचा ढीग पुढ्यात असताना प्रत्येक शब्दावर चिंतन कसे करावे, हा आक्षेप रास्त आहे. तशी आवश्यकताही नाही. नाव, आकडा, अट आणि क्रियापद या चार ठिकाणी क्षणभर थांबण्याची सवय पुरेशी आहे. विद्यार्थी प्रश्नातील 'अयोग्य' हा शब्द 'योग्य' असा वाचतो, तेव्हा त्याचे गुण जातात. लिपिक 'वगळून' हा शब्द 'धरून' असा घेतो, तेव्हा दुसऱ्याच कोणाचा हक्क जातो.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे आहे. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या गावात तरी वाचनाचे मोजमाप पानांच्या संख्येवर आणि वेगावर होऊ नये. शिक्षकांनी अधूनमधून मुद्दाम चुकीचा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि जो विद्यार्थी उत्तर देण्याऐवजी प्रश्नच दुरुस्त करील, त्याला पूर्ण गुण द्यावेत.