स्कॅनरचे दाम आणि निदानाचा हक्क

चंदीगडमधील मणिमाजऱ्याच्या मोटर मार्केटातील मिस्त्री गाठीची पुंजी मोडून गाडीतील बिघाडाचे कोड वाचणारा महागडा स्कॅनर घेतो आणि त्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी संपताच ते यंत्र नव्या गाड्या ओळखेनासे होते, तेव्हा त्याची निराशा ही एका गिऱ्हाइकाची फसगत म्हणून सोडून देता येत नाही. कारण त्याच्या दारची गाडी अखेर औद्योगिक क्षेत्रातील कंपनीच्या वर्कशॉपात जाते आणि भुर्दंड मालकाला बसतो.

या किमतीचे कैवारी म्हणतात की, संशोधनाला खर्च येतो. संशोधनाचे मोल मला सर्वथा मान्य आहे. परंतु इंजिनाच्या धूरनियंत्रणाचे सामान्य कोड आणि ते ज्यातून वाचावयाचे ते सोळा पिनांचे सॉकेट ही प्रमाणित असून अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची आहेत, आणि ते कोड स्वस्त यंत्रही वाचते. जादा दाम मोजावयाचे ते ब्रेक, एअरबॅग, चावीचे कोडिंग यांसाठी. आणि नेमके तेथेच यंत्र पुष्कळदा हात टेकते, कारण ती माहिती मोटारकंपनीच्या ताब्यात असते.

माहिती खुली केल्यास चोरांचे फावेल, हा आक्षेप चावीपुरता रास्त आहे. तेथे कारागिराची नोंद ठेवावी. पण त्या सबबीवर बाकी सारे दस्तऐवज दडवणे ही मक्तेदारीच होय. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याच्या प्रकरणातच. आणि पुढे ते प्रकरण अपिलात गेले तरी त्या हुकमातील तत्त्व मला निर्विवाद वाटते.

कोड म्हणजे निदान नव्हे, हेही विक्रेते सांगत नाहीत. 'पी ०१७१' एवढेच कळवतो की, मिश्रणात इंधन कमी आहे. हवामापक सेन्सर मळला, इंधनाचा दाब उतरला की रबरी नळी तडकली, हे शोधावे लागते. जाणता मिस्त्री इंजिन मंद चालवून इंधनदुरुस्तीचा आकडा पाहतो, वेग अडीच हजार फेऱ्यांवर नेतो, आणि चढलेला आकडा उतरला की तडकलेल्या नळीचा संशय धरून ती बोटांनी चाचपतो.

म्हणून विक्रेत्याने कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीचा कोणता भाग यंत्र वाचते आणि वर्गणी संपल्यावर काय उरते, याचे लेखी पत्रक विक्रीपूर्वीच द्यावे. आणि मोटारकंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आपल्या वर्कशॉपला मिळते त्याच शर्तींवर, वाजवी शुल्कात, मणिमाजऱ्याच्या मिस्त्रीलाही द्यावी.