विश्लेषण : पुसलेली मालिका ४५ वर्षांनी दुकानात कशी आली? ‘डॉक्टर हू’च्या नऊ भागांची गोष्ट

एखादी मालिका टीव्हीवर एकदा दाखवली जाते, मग तिची टेप पुसली जाते. पंचेचाळीस वर्षांनी तीच मालिका दुसऱ्या खंडातल्या एका टीव्ही केंद्राच्या खोलीत धूळ खाताना सापडते आणि शोध जाहीर झाल्यावर दीड महिन्यात डीव्हीडीवर विकायलाही येते. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या बाबतीत २०१३ मध्ये हे खरंच घडलं. यात थोडं नशीब आहे आणि बरंच तंत्रज्ञान. एक प्रश्न मात्र आजही टोचतो : सापडलेल्यातलाच एक भाग पुन्हा गेला कुठे?

सापडलं नेमकं काय?

‘डॉक्टर हू’ बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात आणि अवकाशात फिरणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. (भारतीय वाचकांसाठी एक नोंद : पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन यांचा जन्म लखनऊचा.) तेव्हा एक कथा चार-सहा आठवडे चालायची, आठवड्याला एक भाग.

११ ऑक्टोबर २०१३ रोजी बीबीसीने जाहीर केलं की नायजेरियातल्या जोस शहरातून ११ भागांच्या फिल्म मिळाल्या आहेत. फिलिप मॉरिस या ब्रिटिश शोधकाने त्या तिथल्या टीव्ही रिले केंद्रातून मिळवल्या. डब्यांवरच्या चिकटपट्टीवरची धूळ पुसल्यावर मालिकेचं नाव दिसलं, असं त्यांनी सांगितलं होतं. ११ पैकी दोन भाग बीबीसीकडे आधीपासून होते. उरलेले नऊ जगात कुठेही नव्हते, निदान कुणाला माहीत तरी नव्हते.

हे नऊ भाग दोन कथांचे. पहिली ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’, डिसेंबर १९६७ ते जानेवारी १९६८ मध्ये दाखवलेली. दुसरी तिच्या पाठोपाठची ‘द वेब ऑफ फिअर’. पहिलीचे आता सहाही भाग आहेत, दुसरीचे सहापैकी पाच. हरवलेल्या भागांचा आकडा त्या दिवशी १०६ वरून ९७ वर आला.

विक्रीची घाई तर बघा. घोषणेच्याच दिवशी दोन्ही कथा आयट्यून्सवर होत्या. २५ नोव्हेंबरला पहिलीची डीव्हीडी आली, दुसरीची फेब्रुवारी २०१४ मध्ये.

पण ते पुसलं कुणी?

बीबीसीनेच. साठच्या दशकात मालिका दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर मुद्रित व्हायची. टेप महाग होती आणि पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधनं होती. त्यात रंगीत टीव्ही आला आणि कृष्णधवल कार्यक्रमाला गिऱ्हाईक उरलं नाही. इंजिनीअरिंग विभागाच्या दृष्टीने त्या कपाटात मालिका नव्हती, वापरता येण्याजोगी टेप होती.

आज आपण त्यांना नावं ठेवतो. पण घरी बसून जुना कार्यक्रम विकत घेऊन बघता येईल, ही कल्पनाच तेव्हा बाजारात नव्हती. डॉक्टरच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले आणि त्यांच्या मूळ टेप पुसल्या गेल्या. विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही सत्तरच्या दशकात नष्ट होत राहिल्या. हे थांबलं १९७८ च्या सुमारास. ‘डॉक्टर हू’ची पहिली व्हिडिओ कॅसेट आली १९८३ मध्ये, किंमत तब्बल ३९.९९ पौंड, आणि ती घेणारे निघाले. अवघ्या पाच वर्षांचं अंतर!

आपल्याकडे याबद्दल फार हसायची सोय नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) मुंबईत बनला आणि त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३३ वर्षांनी.

मग नायजेरियात प्रत कशी?

टेप पुसण्याआधी बीबीसी परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर प्रत काढायची. पद्धत साधी : विशेष मॉनिटरवर कार्यक्रम लावायचा आणि समोर फिल्म कॅमेरा चालवायचा. थोडक्यात, टीव्हीचं शूटिंग.

या फिल्म देशोदेशीच्या केंद्रांना विकल्या जात. एका केंद्राने दाखवून झाल्यावर तोच डबा पुढच्या देशाला पाठवायचा. करार संपला की प्रत परत करायची किंवा नष्ट करायची. कुठेतरी कुणीतरी हे काम केलं नाही, डबा फळीवर तसाच राहिला, आणि त्या आळशीपणामुळे आज मालिका आहे.

१९९२ मध्येही असंच झालं होतं. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग हाँगकाँगच्या एका वाहिनीकडून मिळाले आणि लगेच कॅसेटवर आले. पण सगळेच डबे इतके सुदैवी नसतात. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णतेत आणि दमटपणात कुजते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, की समजायचं उशीर झाला.

फिल्म मिळाली की झालं?

इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो, थोडं सहन करा.

ब्रिटनमध्ये (आणि आपल्याकडेही) जुना टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रं दाखवायचा. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी. याला इंटरलेसिंग म्हणतात. कॉलेजात मी हे पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, तेव्हा त्याचा उपयोग कळला नव्हता. फिल्म कॅमेरा मात्र सेकंदाला २५ चित्रंच टिपतो. म्हणजे टीव्हीवरून फिल्मवर येताना हालचालीची निम्मी माहिती गेली. पात्रं किंचित अडखळत चालल्यासारखी दिसतात आणि स्टुडिओतलं नाटक जुन्या सिनेमासारखं वाटू लागतं.

‘डॉक्टर हू’च्या कृष्णधवल काळातल्या अनेक डीव्हीडींवर यासाठी ‘विडफायर’ नावाची प्रक्रिया वापरली आहे. दोन चित्रांच्या मधलं चित्र संगणक अंदाजाने तयार करतो आणि ५० ची लय परत येते. धूळ, ओरखडे, फिल्मचं थरथरणं वेगळं काढावं लागतं, आवाजातली खरखर वेगळी. चकचकीत करायच्या नादात चेहरे मेणाचे दिसायला लागतात, म्हणून कुठे थांबायचं हे कळणं यात सगळ्यात अवघड.

सत्तरच्या दशकातल्या काही भागांची करामत तर याहून भारी. मूळ रंगीत टेप गेली, उरली कृष्णधवल फिल्म. पण ती काढताना रंगाचा संकेत बारीक ठिपक्यांच्या जाळीच्या रूपात फिल्मवर उमटला होता. ते ठिपके वाचून रंग परत मिळवणारं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं.

आवाज आहे, चित्र नाही

हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र उपलब्ध आहे. त्या काळच्या चाहत्यांनी, बहुतेक शाळकरी मुलांनी, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता. शिवाय जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकारांना आणि बीबीसीला विकायचा. त्याचे फोटो आणि मुलांचा आवाज जोडून कितीतरी भागांची निदान कल्पना येते. ज्या संस्थेने मालिका बनवली तिने ती पुसली आणि ज्यांना काही अधिकार नव्हता त्यांनी ती जपली. अशा रेकॉर्डिंगला आज आपण ‘पायरसी’ म्हटलं असतं.

जुनं सापडलं म्हणून ते चांगलं असतं का?

नेहमी नाही. पण ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१३ पर्यंत या कथेचा फक्त तिसरा भाग उपलब्ध होता. त्यात बराच वेळ स्वयंपाकघर आणि रडका आचारी. त्यामुळे ही कथा कंटाळवाणी, असं मत वर्षानुवर्षं रूढ होतं. बाकीचे पाच भाग आल्यावर कळलं की तो एकच भाग संथ आहे. पॅट्रिक ट्रॉटन यात दुहेरी भूमिकेत आहेत : भोळसट डॉक्टर आणि त्याच्यासारखाच दिसणारा, जगावर राज्य करू पाहणारा सॅलमँडर. वर अणुयुद्ध चालू आहे असं सांगून माणसांना भुयारात कोंडून ठेवणारा हा खलनायक आजही अंगावर येतो. सहापैकी एका नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष ४५ वर्षं टिकला होता!

ट्रॉटन १९८७ मध्ये गेले, त्यांना हे पाहायला मिळालं नाही. त्यांचे सहकलाकार फ्रेझर हाइन्स आणि डेबोरा वॉटलिंग मात्र २०१३ च्या लंडनमधल्या कार्यक्रमाला हजर होते.

स्ट्रीमिंगच्या काळात डिस्क कशाला?

हा प्रश्न मलाही पडायचा. माझ्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नाही. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये, मालिकेच्या साठीनिमित्त बीबीसीने ८०० हून अधिक जुने भाग आपल्या आयप्लेअरवर टाकले, तेव्हा त्यात सगळ्यात पहिली कथाच नव्हती. लेखकाच्या वारसांशी हक्कांबाबत जमलं नाही. म्हणजे सुरक्षित असलेली, स्वच्छ केलेली कथा वर्धापनदिनीच गायब. ज्यांच्याकडे जुनी डीव्हीडी होती ते निवांत बघत बसले.

स्ट्रीमिंगवर आपण भाडेकरू असतो, मालक कधीही सामान हलवू शकतो. म्हणून अशा दुर्मीळ गोष्टी घरी बाळगता येतील अशा रूपात निघायला हव्यात, असं माझं मत. मात्र कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ची २०१३ ची डीव्हीडी घाईत काढलेली, पूरक माहितीपट वगैरे जवळपास काही नाही. भरगच्च विशेष आवृत्ती आली २०१८ मध्ये. आयट्यून्स, पहिली डीव्हीडी, मग विशेष आवृत्ती : निष्ठावान चाहत्याने एकाच गोष्टीसाठी तीनदा खिशात हात घातला.

आणि तो तिसरा भाग?

‘द वेब ऑफ फिअर’ लंडनच्या भुयारी रेल्वेत घडते. बोगद्यांत यंत्रमानव-यती फिरताहेत आणि लष्कराची एक तुकडी अडकली आहे. स्टुडिओतले सेट इतके हुबेहूब होते की परवानगीशिवाय शूटिंग केल्याची तक्रार लंडनच्या रेल्वेवाल्यांनी केली, असं सांगतात.

मॉरिस यांच्या म्हणण्यानुसार जोसमध्ये त्यांनी पाहिले तेव्हा या कथेचे सहाही भाग होते. फिल्म त्यांच्या ताब्यात येण्यासाठी काही महिने गेले. त्या दरम्यान शोधाची कुणकुण बाहेर लागली असावी आणि तिसरा भाग कुणा खासगी संग्राहकाला विकला गेला असावा, असा त्यांचा कयास आहे. तो खरा असेल, तर हा भाग हरवलेला नाही. कुणाच्या तरी घरात आहे आणि त्या माणसाला तो काय आहे हे माहीत आहे. अशा संग्राहकावर आरडाओरडा केला तर डबा आणखी खोल जातो. नाव न विचारता प्रत उतरवून घेऊन मूळ फिल्म परत देण्याची तयारी हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

नेमका हाच भाग जाणं चाहत्यांना का लागतं, तेही सांगतो. कर्नल लेथब्रिज-स्ट्युअर्ट, म्हणजे मालिकेत पुढे अनेक वर्षं गाजलेला ब्रिगेडियर, पहिल्यांदा धडपणे समोर येतो तो या तिसऱ्या भागात. ती भूमिका करणारे निकोलस कोर्टनी शोधाच्या दोन वर्षं आधी, २०११ मध्ये वारले. २०२१ च्या ब्लू-रेवर हा भाग अ‍ॅनिमेशनमध्ये करून घातला आहे. ते अ‍ॅनिमेशन मला तरी पाहवलं नाही, पात्रं पाण्याखाली चालल्यासारखी वाटतात. २०१४ च्या डीव्हीडीवरची जुनी युक्ती बरी : पडद्यावर स्थिर फोटो, आणि मागे एका शाळकरी पोराच्या टेपरेकॉर्डरने पकडलेला कोर्टनींचा आवाज.